मतदारसंघांचा नकाशा नेत्यांनीच का आखायचा? मिशिगनच्या लोकांनी सह्या गोळा करून तो अधिकारच काढून घेतला

८ नोव्हेंबर २०१६ ला अमेरिकेत मतदान झालं, डोनाल्ड ट्रम्प निवडून आले आणि पुढचे दोन दिवस अख्ख्या देशाच्या फेसबुकवर एकच भांडण चालू होतं. या गदारोळात १० नोव्हेंबरला मिशिगन राज्यातल्या केटी फेही नावाच्या २७ वर्षांच्या तरुणीनं एक छोटीशी पोस्ट टाकली. मिशिगनमधल्या जेरीमँडरिंगविरुद्ध काहीतरी करायचंय, कुणाला सोबत यायचं असेल तर सांगा, एवढाच तिचा अर्थ होता. शेवटी एक स्मायली.

केटी कुठल्या पक्षाची पदाधिकारी नव्हती, वकील नव्हती, याआधी तिनं कुठली निवडणूक मोहीमही चालवलेली नव्हती. कचऱ्याच्या पुनर्वापरावर काम करणाऱ्या एका संस्थेत ती नोकरी करत होती. पण त्या पोस्टवर अनोळखी लोक गोळा होत गेले. बरोबर दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, मिशिगनच्या २५ लाखांहून जास्त मतदारांनी राज्याची घटना बदलली आणि मतदारसंघांच्या सीमा ठरवायचा अधिकार आमदारांकडून काढून सामान्य नागरिकांच्या आयोगाकडे दिला.

हे जमलं कसं? पुढे त्या आयोगाचं काय झालं? आणि इतर राज्यांत असेच प्रयत्न का फसले?

आधी जेरीमँडरिंग म्हणजे काय?

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते. लोकसंख्या वाढते, घटते, इकडून तिकडे जाते. म्हणून प्रत्येक जनगणनेनंतर मतदारसंघांच्या सीमा नव्यानं आखाव्या लागतात. प्रश्न इतकाच, की त्या आखायच्या कुणी?

बहुतेक राज्यांत हे काम तिथलं विधिमंडळ करतं. म्हणजे जे आमदार त्या मतदारसंघातून निवडून येणार, तेच त्याच्या सीमा ठरवणार. आपल्याकडे म्हणतात ना, कुंपणच शेत खातं, तसला प्रकार. सत्तेतला पक्ष आपल्याला सोयीचा नकाशा आखतो, आणि त्या नकाशाच्या जोरावर पुन्हा सत्तेत येऊन पुढचा नकाशाही आखू शकतो.

यात गंमत अशी की एकही मत चोरावं लागत नाही. समजा, एका गावात ५० मतदार आहेत. त्यातले ३० जण छत्री चिन्हाला मत देतात आणि २० जण कपबशीला. गावात १०-१० मतदारांचे ५ वॉर्ड करायचे आहेत. मतांच्या हिशेबानं छत्रीला ३ आणि कपबशीला २ जागा मिळायला हव्यात.

आता नकाशा छत्रीवाल्यांच्या हातात आहे असं समजा. त्यांनी प्रत्येक वॉर्डात ६ छत्रीवाले आणि ४ कपबशीवाले ठेवले, की पाचही जागा छत्रीच्या. विरोधकांची मतं थोडी थोडी सगळीकडे वाटून टाकायची, कुठेच बहुमत होऊ द्यायचं नाही.

तोच नकाशा कपबशीवाल्यांच्या हातात गेला तर? ते दोन वॉर्डांत ९-९ छत्रीवाले कोंबतील. तिथे छत्री दणक्यात जिंकेल. पण उरलेल्या तीन वॉर्डांत ४ छत्रीवाले आणि ६ कपबशीवाले असतील. निकाल: कपबशी ३, छत्री २. मतं कमी, तरी सत्ता कपबशीची.

वाटून टाकणं आणि कोंबणं, जेरीमँडरिंगच्या या दोन मुख्य युक्त्या. नावामागची गोष्ट १८१२ ची आहे. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी आपल्या पक्षाला फायद्याच्या मतदारसंघ रचनेवर सही केली. त्यातल्या एका मतदारसंघाचा आकार इतका विचित्र होता, की बॉस्टनच्या वर्तमानपत्रानं त्याला पंख आणि नख्या लावून सॅलमँडर या प्राण्यासारखं व्यंगचित्र छापलं. गेरी आणि सॅलमँडर मिळून शब्द झाला जेरीमँडर. गेरी पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झाले, पण लोकांच्या लक्षात राहिला तो हा प्राणीच.

मिशिगनमध्ये काय बिघडलं होतं?

२०१० च्या जनगणनेनंतर मिशिगनमध्ये दोन्ही सभागृहं आणि गव्हर्नरपद रिपब्लिकन पक्षाकडे होतं. २०११ मध्ये त्यांनी नकाशा आखला. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्जची, म्हणजे तिथल्या लोकसभेची निवडणूक झाली. मिशिगनमध्ये डेमोक्रॅट उमेदवारांना मिळून रिपब्लिकनांपेक्षा दोन लाखांहून जास्त मतं पडली. पण १४ पैकी ९ जागा रिपब्लिकन पक्षाला मिळाल्या.

त्या नकाशातला १४ वा मतदारसंघ डेट्रॉइट शहरातून निघून वेडीवाकडी वळणं घेत उपनगरांमधून थेट पाँटिॲकपर्यंत जायचा. पुढे कोर्टातल्या एका खटल्यात नकाशाच्या काळातले खासगी ईमेल बाहेर आले. डेमोक्रॅट मतदारांना मोजक्या मतदारसंघांत कोंबण्याची भाषा त्यात उघडउघड होती.

हा रोग एका पक्षाचा नाही. इलिनॉय आणि मेरीलँडमध्ये डेमोक्रॅट पक्षानं हेच केलं. ज्याच्या हातात पेन्सिल, त्याच्या सोयीची रेघ.

मग कोर्टात जाऊन प्रश्न सुटला नसता का? प्रयत्न झाला. एप्रिल २०१९ मध्ये तीन न्यायाधीशांच्या केंद्रीय न्यायालयानं मिशिगनचे ३४ मतदारसंघ घटनाबाह्य ठरवले. पण दोनच महिन्यांनी, २७ जून २०१९ ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं नॉर्थ कॅरोलायना आणि मेरीलँडच्या खटल्यांत ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला. पक्षाच्या फायद्यासाठी केलेलं जेरीमँडरिंग हा राजकीय प्रश्न आहे, केंद्रीय न्यायालयं त्यात पडू शकत नाहीत, असं कोर्टानं सांगितलं. मिशिगनचा निकाल त्यामुळे रद्द झाला.

त्याच निकालपत्रात सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिलं, की लोकांपुढे दुसरे मार्ग आहेत. उदाहरण म्हणून त्यांनी नाव घेतलं ते मिशिगनचं. कारण तोवर मिशिगनच्या लोकांनी आपला मार्ग शोधलेला होता.

लोक स्वतः कायदा कसा करू शकतात?

अमेरिकेतल्या २४ राज्यांमध्ये नागरिकांना एक अधिकार आहे. ठरावीक संख्येनं सह्या गोळा केल्या, की एखादा प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर आणता येतो. इंग्रजीत त्याला बॅलट इनिशिएटिव्ह म्हणतात. विधिमंडळाची परवानगी लागत नाही, गव्हर्नरची सही लागत नाही. निवडणुकीच्या दिवशी लोक उमेदवारांसोबत त्या प्रस्तावावरही हो किंवा नाही असं मत देतात. बहुमत झालं की प्रस्ताव लागू होतो.

हा अधिकार बहुतेक ठिकाणी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आला. कॅलिफोर्नियात तेव्हा रेल्वे कंपनीचा राजकारणावर इतका पगडा होता, की विधिमंडळ लोकांचं की कंपनीचं असा प्रश्न पडायचा. म्हणून १९११ मध्ये तिथे लोकांना थेट कायदा करण्याचा हक्क दिला गेला. जिथे विधिमंडळच अडचणीचा भाग आहे, तिथे त्याला वळसा घालून जाण्यासाठी हा रस्ता.

या प्रस्तावांचे दोन प्रकार असतात आणि पुढची सगळी गोष्ट या फरकावर उभी आहे. एका प्रकारात लोक साधा कायदा करतात. दुसऱ्यात राज्याची घटनाच बदलतात. घटनेसाठी सह्या जास्त लागतात. पण बहुतेक ठिकाणी साधा कायदा आमदार पुन्हा बदलू शकतात, घटना त्यांना एकट्यानं बदलता येत नाही.

पोस्टपासून सव्वाचार लाख सह्यांपर्यंत

केटीच्या पोस्टनंतर जमलेल्या लोकांनी संघटनेचं नाव ठेवलं ‘व्होटर्स नॉट पॉलिटिशियन्स’. म्हणजे मतदार, राजकारणी नाही. त्यांनी आधी घटनादुरुस्तीचा मजकूर लिहून लोकांसमोर ठेवला नाही. उलट २०१७ च्या सुरुवातीला ३३ दिवसांत राज्यभर ३३ सभा घेतल्या. जेरीमँडरिंग काय आहे हे समजावून सांगितलं आणि मग विचारलं, नकाशा कुणी आखावा असं वाटतं? उत्तरांवरून वकिलांच्या मदतीनं मसुदा तयार झाला.

पुढचा टप्पा खरा अवघड होता. मिशिगनमध्ये घटनादुरुस्तीसाठी आधीच्या गव्हर्नर निवडणुकीत पडलेल्या मतांच्या १० टक्के सह्या लागतात. त्या वेळी हा आकडा होता ३ लाख १५ हजार ६५४. मुदत १८० दिवस.

अमेरिकेत अशा मोहिमांमध्ये सहसा पैसे देऊन माणसं लावली जातात, एका सहीमागे अमुक डॉलर असा दर असतो. या संघटनेनं तसं केलं नाही. ऑगस्ट २०१७ पासून हजारो स्वयंसेवक क्लिपबोर्ड घेऊन बाजारात, मेळ्यांत, मॅचच्या मैदानांबाहेर उभे राहिले. मुदत संपायच्या खूप आधी त्यांच्याकडे सव्वाचार लाखांहून जास्त सह्या जमा झाल्या आणि १८ डिसेंबर २०१७ ला त्या सरकारकडे देण्यात आल्या.

सोशल मीडियाचा भाग इथे नीट समजून घेतला पाहिजे. फेसबुकनं माणसं एकमेकांना शोधून दिली. पण सही कागदावर, पेननं, समोरासमोर घ्यावी लागत होती. लाइक आणि शेअरला कायद्यात किंमत नव्हती. पोस्टवरून सुरू झालेली बहुतेक आंदोलनं ज्या टप्प्यावर विरतात, तो टप्पा या लोकांनी उन्हातान्हात उभं राहून पार केला.

विरोध झाला का? भरपूर झाला

विरोधकांनी कोर्टात धाव घेतली. त्यांचं म्हणणं असं, की हा बदल इतका मोठा आहे की ही घटनेची दुरुस्ती नाही, फेररचना आहे, आणि त्यासाठी वेगळं घटना संमेलन भरवावं लागेल. प्रकरण मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३१ जुलै २०१८ ला निकाल लागला, ४ विरुद्ध ३. एका न्यायाधीशाचं मत इकडचं तिकडे झालं असतं, तर सव्वाचार लाख सह्या रद्दीत गेल्या असत्या.

टीकेचा दुसरा मुद्दा पैशाचा होता. सह्या स्वयंसेवकांनी गोळा केल्या असल्या, तरी नंतरच्या प्रचारासाठी राज्याबाहेरच्या मोठ्या देणगीदार संस्थांकडून लाखो डॉलर आले. ही मोहीम खरंच सामान्यांची उरली का, असा सवाल विरोधकांनी केला. त्यात तथ्य होतं. पूर्ण राज्यभर टीव्हीवर जाहिरात करायची तर नुसत्या क्लिपबोर्डवर भागत नाही.

६ नोव्हेंबर २०१८ ला मतदान झालं. प्रस्ताव ६१ टक्के मतांनी मंजूर. त्याच दिवशी डेमोक्रॅट पक्षाच्या ग्रेचेन व्हिटमर ५३ टक्के मतं घेऊन गव्हर्नर झाल्या. म्हणजे प्रस्तावाला विजयी गव्हर्नरपेक्षाही जास्त मतं पडली होती. व्हिटमर यांना मत न देणाऱ्या अनेकांनीही या प्रस्तावापुढे हो म्हटलं, हे त्यावरून दिसतं.

सोडतीनं निवडलेले १३ जण

नव्या आयोगाची रचना मुद्दाम गुंतागुंतीची ठेवली आहे, म्हणजे ती कुणाला ताब्यात घेता येऊ नये.

- एकूण सदस्य १३. त्यात ४ डेमोक्रॅट, ४ रिपब्लिकन आणि ५ जण या दोन्ही पक्षांशी न जोडलेले.
- मागच्या सहा वर्षांत निवडणूक लढवलेले, पक्षाचे पदाधिकारी, लॉबिस्ट आणि त्यांचे जवळचे नातेवाईक यांना बंदी.
- कुणीही नोंदणीकृत मतदार अर्ज करू शकतो. पहिल्या वेळी ९ हजारांहून जास्त अर्ज आले.
- अर्जांतून सोडत काढून आधी २०० जणांची यादी. विधिमंडळातले चार नेते, म्हणजे दोन्ही सभागृहांतले सत्ताधारी आणि विरोधी नेते, प्रत्येकी ५ नावं खोडू शकतात. उरलेल्यांतून पुन्हा सोडत.
- नकाशा मंजूर व्हायला नुसतं बहुमत पुरत नाही. डेमोक्रॅट, रिपब्लिकन आणि तटस्थ अशा तिन्ही गटांतले किमान दोन-दोन जण बाजूनं असावे लागतात.
- सदस्यांना गव्हर्नरच्या पगाराच्या किमान चौथा हिस्सा मानधन, म्हणजे नोकरदार माणसालाही हे काम परवडावं.

नकाशा आखताना काय पाहायचं याचा क्रमही घटनेतच लिहिलाय. आधी समान लोकसंख्या आणि मतदान हक्क कायदा. मग सलग भूभाग. मग एकत्र राहणारे, समान हितसंबंध असलेले समुदाय शक्यतो तुटू नयेत. त्यानंतर कुठल्याही पक्षाला अवाजवी फायदा नको आणि कुठल्याही विद्यमान आमदाराची सोय नको.

ऑगस्ट २०२० मध्ये सोडत निघाली. २८ डिसेंबर २०२१ ला आयोगानं नकाशे मंजूर केले.

फरक पडला का?

२०२२ मध्ये नव्या नकाशावर पहिली निवडणूक झाली. डेमोक्रॅट पक्षाला राज्याच्या खालच्या सभागृहात ५६ विरुद्ध ५४ आणि सिनेटमध्ये २० विरुद्ध १८ असं काठावरचं बहुमत मिळालं. दोन्ही सभागृहं आणि गव्हर्नरपद एकत्र त्यांच्याकडे येण्याची ही सुमारे ४० वर्षांतली पहिली वेळ.

मग हा नकाशा डेमोक्रॅट पक्षासाठीच आखला होता का? त्याचं उत्तर २०२४ मध्ये मिळालं. २०२२ मध्ये काँग्रेसच्या १३ जागांपैकी ७ डेमोक्रॅट पक्षाला आणि ६ रिपब्लिकन पक्षाला मिळाल्या होत्या. २०२४ मध्ये, त्याच नकाशावर, आकडे उलटले: ७ रिपब्लिकन, ६ डेमोक्रॅट. राज्याचं खालचं सभागृहही रिपब्लिकन पक्षानं ५८ विरुद्ध ५२ असं परत जिंकलं. लोकांचं मत थोडं हललं की निकाल हलला. जेरीमँडर केलेल्या नकाशात नेमकं हेच होत नाही.

पण नागरिकांचा आयोगही चुकला

आयोगाची पहिली चूक बंद दाराआडची. घटनेनं त्याला कामकाज खुलं ठेवायला सांगितलं होतं. तरी ऑक्टोबर २०२१ मध्ये कृष्णवर्णीय मतदार आणि मतदान हक्क कायदा या विषयावर आयोगानं एक बैठक बंद खोलीत घेतली. डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्या बैठकीचं रेकॉर्डिंग जाहीर करायला लावलं.

दुसरी चूक मोठी होती. डेट्रॉइटमध्ये तीन चतुर्थांशांहून जास्त लोक कृष्णवर्णीय आहेत. एकाच मतदारसंघात त्यांना कोंबू नये, या हेतूनं सल्लागारांनी शहराचे लांबट तुकडे पाडून ते बहुसंख्य श्वेतवर्णीय उपनगरांना जोडायला सुचवलं. नतीजा उलटा झाला. आपले प्रतिनिधी निवडायची आपली ताकदच गेली, असं म्हणत डेट्रॉइटचे रहिवासी केंद्रीय न्यायालयात गेले. डिसेंबर २०२३ मध्ये तीन न्यायाधीशांनी राज्य विधिमंडळाचे १३ मतदारसंघ घटनाबाह्य ठरवले, कारण ते प्रामुख्यानं वंशाच्या आधारावर आखले होते. आयोगाला ते पुन्हा आखावे लागले.

काँग्रेसच्या मतदारसंघांचा नकाशा त्या खटल्याचा भाग नव्हता, पण डेट्रॉइटची हीच तक्रार तिथेही ऐकू आली. आणि तिथे मराठी वाचकांच्या ओळखीचं एक नाव येतं. नव्यानं आखलेल्या १३ व्या मतदारसंघातून २०२२ मध्ये निवडून आले ते बेळगावात वाढलेले, ‘ही श्रीची इच्छा’ या मराठी आत्मचरित्राचे लेखक श्री ठाणेदार. डेमोक्रॅट पक्षाच्या प्राथमिक फेरीत अनेक कृष्णवर्णीय उमेदवारांत मतं विभागली गेली आणि ठाणेदार पुढे निघाले. त्यामुळे सुमारे ७० वर्षांत पहिल्यांदाच डेट्रॉइट शहराचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये उरला नाही. ठाणेदारांचा विजय लोकांच्या मतांनीच झाला होता. पण प्रतिनिधित्वाचा हा प्रश्न तिथे अजून दुखरा आहे.

थोडक्यात, नेत्यांच्या हातातून पेन्सिल काढून घेतली म्हणजे रेघ आपोआप सरळ येते असं नाही. फरक इतका, की चूक उघड्यावर होते, तिच्यावर बोट ठेवता येतं आणि ती दुरुस्त करताना कुणाची खुर्ची आड येत नाही.

बाकी राज्यांत काय घडलं?

मिशिगन पहिलं नव्हतं. ॲरिझोनाच्या मतदारांनी २००० मध्येच पाच जणांचा स्वतंत्र आयोग आणला होता. तिथलं विधिमंडळ त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१५ मध्ये कोर्टानं ५ विरुद्ध ४ असा आयोगाच्या बाजूनं कौल दिला. तेव्हा विरोधात मत लिहिणारे होते जॉन रॉबर्ट्स, म्हणजे चार वर्षांनी अशाच आयोगांकडे बोट दाखवणारे सरन्यायाधीश.

युटा: २०१८ मध्ये इथेही लोकांनी आयोगाचा प्रस्ताव मंजूर केला, पण जेमतेम ५० टक्के ओलांडून. शिवाय तो साधा कायदा होता. २०२० मध्ये विधिमंडळानं तो बदलला, आयोगाला फक्त सल्ला देण्यापुरता ठेवला आणि २०२१ मध्ये आपलाच नकाशा आणला. त्यात सॉल्ट लेक काउंटीचे चार तुकडे केले. जुलै २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की लोकांनी सरकार सुधारण्यासाठी केलेला कायदा विधिमंडळ असा सहज मोडू शकत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायाधीशांनी तो नकाशा रद्द केला. लोकांचं मतदान झाल्यावर जवळपास सात वर्षांनी.

मिझुरी: २०१८ मध्ये ६२ टक्के मतांनी घटनादुरुस्ती झाली. नकाशा आखायला एक निष्पक्ष तज्ज्ञ नेमायचं ठरलं. दोन वर्षांत आमदारांनी नवी दुरुस्ती लोकांपुढे ठेवली. त्यात लॉबिस्टांच्या भेटवस्तूंवर बंदी असं गोड आवरण होतं आणि आत तज्ज्ञाचं पद रद्द करण्याची तरतूद. ५१ टक्के मतांनी ती मंजूर झाली. एकही नकाशा आखण्याआधी तज्ज्ञाचं पद गेलं.

ओहायो: २०२४ मध्ये १५ नागरिकांच्या आयोगाचा प्रस्ताव आला. मोहिमेचं नेतृत्व राज्याच्या माजी सरन्यायाधीश मॉरीन ओ’कॉनर करत होत्या, त्या स्वतः रिपब्लिकन. पण मतपत्रिकेवरचा सारांश लिहिणारं मंडळ सत्ताधाऱ्यांच्या ताब्यात होतं. त्यांनी लिहिलं, की या आयोगाला जेरीमँडरिंग करणं बंधनकारक असेल! शिवाय जेरीमँडरिंग थांबवा असं म्हणतच दोन्ही बाजू प्रचार करत होत्या. प्रस्ताव पडला.

कॅलिफोर्निया: २००८ मध्ये लोकांनी १४ जणांचा आयोग आणला आणि २०१० मध्ये काँग्रेसचे मतदारसंघही त्याच्याकडे दिले. हा आयोग अनेक ठिकाणी आदर्श मानला गेला. पण ऑगस्ट २०२५ मध्ये टेक्सासच्या रिपब्लिकन विधिमंडळानं जनगणनेची वाट न पाहता मध्येच नकाशा बदलला, आणखी पाच जागा मिळवायच्या हेतूनं. उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅट नेत्यांनी आयोगाचा काँग्रेसचा नकाशा तात्पुरता बाजूला ठेवायचा प्रस्ताव लोकांपुढे नेला. ४ नोव्हेंबर २०२५ ला सुमारे ६४ टक्के मतदारांनी होकार दिला. पुढच्या जनगणनेनंतर काम पुन्हा आयोगाकडे जाणार आहे. म्हणजे जो हक्क लोकांनी मतदान करून नेत्यांकडून घेतला होता, तो काही वर्षांसाठी लोकांनीच परत दिला. एका राज्यानं नियम पाळायचे आणि शेजाऱ्यानं मोडायचे, असं किती दिवस चालणार, हा त्यांचा सवाल होता.

भारतात हे काम कोण करतं?

भारतात लोकसभा आणि विधानसभेचे मतदारसंघ आमदार-खासदार आखत नाहीत. त्यासाठी परिसीमन आयोग असतो. २००२ च्या कायद्यानुसार त्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश किंवा माजी न्यायाधीश अध्यक्ष, सोबत केंद्रीय निवडणूक आयोगाचे प्रतिनिधी आणि त्या राज्याचे निवडणूक आयुक्त असतात. महाराष्ट्रातले सध्याचे मतदारसंघ २००८ च्या आदेशातून आले. आयोगाच्या आदेशाला कायद्याचं बळ असतं आणि त्याला कोर्टात आव्हान द्यायला फारच कमी वाव असतो.

म्हणजे अमेरिकेत जे मिळवायला सह्या गोळा कराव्या लागतात, ती स्वतंत्र आयोगाची कल्पना इथे आधीपासून आहे. पण सह्या गोळा करून थेट कायदा करण्याचा अधिकार भारतीय नागरिकांना नाही. महापालिकेची प्रभाग रचना होते तेव्हा प्रारूप प्रसिद्ध होतं, हरकती आणि सूचना मागवल्या जातात. सामान्य माणसाला नकाशावर बोलायची संधी मिळते ती तेवढीच. अनेकांना प्रभाग बदलल्याचं कळतं ते थेट मतदानाच्या दिवशी.

मग मिशिगनचं टिकलं कशामुळे?

तीन गोष्टी ठळक दिसतात. पहिली, त्यांनी साधा कायदा केला नाही, घटना बदलली. युटाला जे सहन करावं लागलं ते त्यामुळे टळलं. दुसरी, बारीकसारीक नियम घटनेतच लिहिले: कोण बसू शकतं, कोण नाही, सोडत कशी काढायची, मानधन किती. नंतर पळवाट काढायला जागाच कमी ठेवली. २०१९ मध्ये नेत्यांच्या नातेवाइकांवरच्या बंदीविरुद्ध खटले झाले, ते आयोगाच्या बाजूनं निकाली निघाले. तिसरी, ६१ टक्के. इतक्या मतांनी आलेली गोष्ट पुन्हा लोकांपुढे नेऊन पाडायची, तर नेत्यांनाही दहा वेळा विचार करावा लागतो. मिझुरीचं उदाहरण मात्र सांगतं, की तेवढ्या मतांवरही निर्धास्त राहता येत नाही.

मिशिगनमध्ये पुढची सोडत २०३० च्या जनगणनेच्या वेळी निघेल. पुन्हा अर्ज मागवले जातील, पुन्हा १३ नवी माणसं नकाशासमोर बसतील. डेट्रॉइटमध्ये काय चुकलं, हे या वेळी त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असेल.